आकडा सांगितल्यावर

कुलूपवाल्यांचा फोन आला तेव्हा टकळी ऑफिसात खुर्चीवर उभी राहून पंखा पुसत होती आणि बोलत होती. कोणाशी, ते विचारू नका. ऐकणारं कोणी असलंच पाहिजे अशी तिची अट कधी नव्हती. लहानपणी आई म्हणायची, "या पोरीच्या तोंडाची टकळी झोपेतसुद्धा थांबत नाही." तेव्हापासून घरीदारी तिचं नाव टकळीच पडलं.

"मी बोलतोय," फोनवर आवाज आला. "आज येतो पाणथळावर. थोड्या वेळात निघतो." आणि फोन बंद.

टकळीने खुर्चीवरून उडी मारली. हातातलं फडकं एकीकडे, चप्पल दुसरीकडे. "मॅडम! कुलूपवाले येताहेत! आज! स्वतःहून फोन केला, मॅडम, स्वतःहून! दोन वर्षांत कधी केला नव्हता हो!"

कुलूपवाले हे म्हातारे गृहस्थ. जन्मभर कुलपांचा कारखाना चालवला, मग तो विकून घरी बसले. बायको गेलेली, मूलबाळ नाही, पैसा उदंड, आणि तोंडाला आपल्याच कारखान्यातलं एक भक्कम कुलूप लावलेलं. दोन वर्षांत ते टकळीशी जितकं बोलले असतील तितकं ती एका चहात बोलायची.

टकळी निसर्ग राखणाऱ्या एका लहानशा संस्थेत होती. तिचं काम मोठ्या देणग्या आणण्याचं. डबा घेऊन चौकात उभं राहायचं काम वेगळं. इथे एकेका माणसामागे वर्ष-दोन वर्षं घालवायची. त्याला रान दाखवायचं, त्याचा कुठला गुडघा दुखतो ते लक्षात ठेवायचं, चहात साखर घालायची की नाही ते विसरायचं नाही, आणि मग एक दिवस त्याच्या डोळ्यांत बघून छाती दडपेल असा आकडा मागायचा. नातेवाईक तिला विचारायचे, "अगं, मागायला लाज नाही वाटत?" ती म्हणायची, "मी कुठे माझ्यासाठी मागते? मी बेडकांसाठी मागते. बेडकाला कोणी घरात तरी घेईल का?"

आज मागायचं होतं ते शहराबाहेरच्या पाणथळासाठी. मालकाने ते विकायला काढलं होतं आणि संस्थेला आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर ते गोदामं बांधणाऱ्या कंपनीकडे जाणार, म्हणजे महिन्याभरात मातीचा भराव पडून सपाट होणार. लहान-लहान देणग्यांमधून बरेच पैसे जमले होते, पण उरलेला मोठा वाटा एकरकमी देऊ शकेल असं माणूस टकळीच्या सगळ्या ओळखीत एकच होतं.

संस्थेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आज मागायचंच."

"मागते की!"

"मागणं तुला येतं गं. त्याच्यानंतरचं येत नाही."

टकळी गप्प झाली. अगदी क्षणभर, पण झाली.

त्याचं असं आहे. मोठं मागणाऱ्यांच्या या धंद्यात एक नियम आहे. आकडा सांगितला की तोंड शिवायचं. समोरचा माणूस गप्प होतो, पण तो नाही म्हणत नसतो. मनात काहीतरी जुळवत असतो, आणि त्याला जुळवू द्यायचं असतं. पण ती शांतता मागणाऱ्यालाच चावायला लागते, आणि तो आपल्याच तोंडाने भाव पाडतो. टकळीने हेच केलं होतं. टेकडीवरच्या रानासाठी तिने एका डॉक्टरीणबाईंकडे आकडा मागितला, बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि टकळीला राहवलं नाही. "किंवा निम्मे चालतील हं!" ती म्हणाली. बाईंनी हसत निम्मे दिले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन टकळी निघाली, तर दाराशी बाई म्हणाल्या, "मी सगळेच देणार होते. तुम्हीच स्वस्तात सोडलंत." अर्धं रान वाचलं. उरलेलं अर्धं तोडलं गेलं, आणि आजही बस त्या टेकडीजवळून जाते तेव्हा टकळी मान फिरवून दुसऱ्या बाजूला बघते.

म्हणून गेल्या रविवारी घरी जेवणाच्या टेबलावर तालीम झाली. नवरा कुलूपवाले झाला. टकळीने आकडा सांगितला. नवऱ्याने चेहरा लांब केला आणि भिंतीकडे बघत बसला.

"अरे, बोल ना काहीतरी!" टकळी म्हणाली.

"हरलीस."

पुन्हा केलं, पुन्हा हरली. तिसऱ्या खेपेला तर नवऱ्याने घास गिळेपर्यंत तिने निम्म्या किमतीवर आणून ठेवलं. सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्या इस्पितळात नर्स होत्या, आता निवृत्त. त्या म्हणाल्या, "पेशंट फार बोलायला लागला की मी त्याच्या तोंडात थर्मामीटर ठेवायचे. ताप असो नसो." मग उठून त्यांनी कपाटातून लिंबाच्या कडक गोळ्यांचा डबा काढला. "लोक मूग गिळून गप्प बसतात. तुला मूग पुरायचे नाहीत. ही घे. आकडा सांगितलास की तोंडात टाकायची, आणि पूर्ण विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. चावायचीही नाही. ओळखून आहे मी तुला!"

तर खिशात ती गोळी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि पोटात गोळा, अशी टकळी पाणथळाच्या फाटकाशी उभी राहिली. कुलूपवाले गाडीतून उतरले. काठी टेकत आले, मान हलवली, संपलं त्यांचं बोलणं. टकळीचं तिथून सुरू झालं. राखणदार पुढे आला आणि नेहमीचं बोलला, "पाणमांजरं काल होती बघा. तीन. आज काही नाहीत."

कुलूपवाल्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग टकळीकडे. हे "काल होती" ते दोन वर्षं ऐकत आले होते. संस्थेच्या पत्रकावर पाणमांजर, भिंतीवरच्या चित्रात पाणमांजर, टकळीच्या बोलण्यात तर उठता-बसता पाणमांजर. पाण्यात मात्र नाही.

"येतील हो काका, आज येतील, मला आतून वाटतंय," टकळी म्हणाली. लव्हाळ्यांमधून जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेवर ती बोलतच होती. इथे खंड्याचं बीळ आहे, तिथे पाय जपून टाका, फळी बुळबुळीत झाली आहे, गुडघा कसा आहे, त्या तेलाने फरक पडला का, परवा माझी सासू म्हणत होती... कुलूपवाले हं म्हणत होते. वाटेच्या टोकाला लाकडी लपण होतं, म्हणजे पाण्याकडच्या भिंतीत आडवी फट ठेवलेली एक छोटी खोली, आत एक बाक. दोघं बाकावर बसली.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात टकळीला कधीच रस नव्हता. तिने श्वास घेतला.

"काका, हे सगळं आज संध्याकाळी जाणार आहे. तुम्ही दिलेत तरच राहील." आणि तिने आकडा सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. तुम्ही वाचता वाचता पाणी मागाल.

मग तिने गोळी तोंडात टाकली.

कुलूपवाले गप्प. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि खाली बुटांकडे बघत राहिले. टकळीने गोळी डाव्या गालात ठेवली. आंबट होती. हे आता रागावले असतील का? फार मागितलं का? गोळी उजव्या गालात. निदान खोकावं तरी माणसाने! दोन वर्षांच्या ओळखीत तिने त्यांना गप्प बसायला इतका वेळ कधी दिलाच नव्हता, आणि स्वतःलाही नाही. किंवा निम्मे. शब्द जिभेच्या टोकावर आले, गोळीला धडकले आणि परत गेले. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, जणू तोंड तिथेच होतं.

हळूहळू तिला ऐकू यायला लागलं. पाणी फळ्यांना लागत होतं. लव्हाळी एकमेकींना घासत होती. एक पाखरू असं काही ओरडत होतं की ते तिने कधी ऐकलंच नव्हतं, आणि ती इथे बोलायला येत होती म्हणून ऐकलं नव्हतं हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. तिचा सगळा जीव त्या म्हाताऱ्याच्या मिटलेल्या ओठांवर टांगलेला होता.

आणि समोरची लव्हाळी हलली.

एक चपटं, ओलं, मिशाळ डोकं पाण्यातून वर आलं. मग दुसरं. मग तिसरं, अगदी लहान, आईच्या पाठीला चिकटून.

पाणमांजरं! कुलूपवाले अजून बुटांकडेच बघत होते. काका, वर बघा! ही ओरड पोटातून निघाली, छातीत आली, गळ्यात आली, आणि तिथे टकळीने ती आयुष्यात पहिल्यांदा धरून ठेवली. ओरडलं तर ती पळणार, नाही ओरडलं तर यांना दिसणार नाहीत. तिने मांडीखालचा हात काढला आणि म्हाताऱ्याचं मनगट असं आवळलं की ते दचकले. त्यांनी वर पाहिलं. तिने हनुवटीने फटीकडे दाखवलं.

मोठ्या पाणमांजराने, म्हणजे आईने, मासा पकडला होता. दोन पंजांत धरून, उताणं तरंगत ते तो कुडुमकुडुम चावत होतं, आणि तो आवाज थेट लपणापर्यंत येत होता. पिल्लू माशासाठी आईच्या पोटावर चढत होतं आणि घसरून पाण्यात पडत होतं, पुन्हा चढत होतं. कुलूपवाले पुढे वाकले. त्यांचं कपाळ फळीला टेकलं. किती वेळ गेला कोण जाणे. गोळी कधी संपली ते टकळीला कळलंही नाही.

"खरंच आहेत," कुलूपवाले पुटपुटले.

टकळीने नुसती मान हलवली.

"मला वाटायचं, पाणमांजर म्हणजे तुमच्या संस्थेची थाप." ते अगदी हळू बोलत होते, नजर पाण्यावर. "पोरी, मी आज नाही सांगायला आलो होतो. तू माणूस चांगली, दोन वर्षं माझी विचारपूस केलीस, तुला फोनवर नाही म्हणणं बरं दिसेना. मघापासून शब्द जुळवत होतो. तू एक अक्षर जरी बोलली असतीस, तरी नाही म्हणून मोकळा झालो असतो."

टकळीने हात परत मांडीखाली दाबला.

"पण आकडा मोठा आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "निम्मे चालतील?"

तेच शब्द. टेकडीवरचं तोडलेलं रान टकळीच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. निम्मेही थोडे नव्हते. घ्यावेत, आभार मानावेत, पळत सुटावं. पण निम्म्याने संध्याकाळी काही विकत येणार नव्हतं. पाण्यात पिल्लू पुन्हा घसरलं.

"नाही," ती म्हणाली.

तिच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान वाक्य. त्याच्या पुढे तिने काहीही जोडलं नाही. का नाही ते सांगितलं नाही, हसली नाही, माफीही मागितली नाही. आता खिशात गोळी नव्हती. ती आपली तशीच गप्प बसली आणि म्हाताऱ्याकडे बघत राहिली.

कुलूपवाल्यांचे खांदे हलायला लागले. टकळीला वाटलं, ठसका लागला. पण ते हसत होते, आवाज होऊ नये म्हणून मूठ तोंडावर दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"कुलपं विकण्यात माझा जन्म गेला," ते डोळे पुसत म्हणाले, "पण असं कुलूप नाही बघितलं. दिले. सगळे. कर तुझ्या बाईंना फोन, आत्ता वकिलाला सांगतो मी."

टकळीला रडू फुटलं. आनंद मावेना, आणि ओरडता तर येईना, पाणमांजरं होती ना समोर! तिने नाक पुसलं, ओढणीत तोंड घालून फोन लावला.

"मॅडम," ती कुजबुजली.

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?" मॅडमनी तिला कुजबुजताना कधी ऐकलंच नव्हतं. "हॅलो? जरा मोठ्याने बोला!"

"टकळी. सगळे दिले, मॅडम. पाणथळ आपलं झालं."

पलीकडे शांतता. नियमाप्रमाणे, अगदी शिस्तीत. आणि मग, आकडा सांगितल्यावर तोंड शिवायला शिकवणाऱ्या त्या बाईंनी फोनमधून अशी किंकाळी फोडली की लपणाच्या फळ्या दणाणल्या. बुडुक, बुडुक, बुडुक. तिन्ही डोकी पाण्याखाली. लव्हाळ्यातलं पाखरू उडालं. तळं रिकामं झालं.

कुलूपवाल्यांनी फोनकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"या कोण?"

"आमच्या मॅडम."

"त्यांना इकडे आणायचं नाही," कुलूपवाले म्हणाले आणि बाकावर पाय लांब करून, पाण्याकडे तोंड करून वाट बघत बसले. टकळीही त्यांच्या शेजारी बसली, चकार शब्द न काढता.