आभार ऐकायला कोण बसतं?

कळंबात कुठलाही कार्यक्रम असो, सूत्रसंचालकानं 'आणि आता आभारप्रदर्शन' असं म्हटलं की अर्धा मंडप उठतो. 'त्यासाठी गोरोबा टेकाळे' म्हटलं की उरलेला अर्धा. यात गोरोबाचा काही दोष नव्हता. गेली सव्वीस वर्षं गावाचे आभार त्याच्याच वाट्याला आले होते, आणि आभार ऐकायला कोण बसतं?

सुरुवातही चुकूनच झाली. अडत्यांच्या एका सत्काराला गोरोबा गेला होता तो वजनकाटा दुरुस्त करायला. आभार मानणारे गुरुजी आलेच नाहीत, तेव्हा कुणीतरी माईक त्याच्या हातात कोंबला. पठ्ठ्यानं अध्यक्षांपासून साउंडवाल्यापर्यंत एकूण एक नाव घेतलं. तेव्हापासून उद्घाटन असो, निरोप समारंभ असो की रक्तदान, शेवटी गोरोबा ठरलेला. माणसं जेवणाकडं पळत, चपलांची ढकलाढकली चाले, आणि हा डोळे मिटून बोलत राही. लोकांना ती तल्लीनता वाटे. खरं म्हणजे जाणाऱ्यांच्या पाठी दिसू नयेत म्हणून तो डोळे मिटत असे. शेवटपर्यंत थांबणारा एकच, मंडपवाला बालाजी. तोही खुर्च्या उचलायच्या असत म्हणून. एकदा तरी कुणीतरी आपले आभार शेवटपर्यंत बसून ऐकावेत, एवढीच गोरोबाची हौस होती, आणि ती काही पुरी होत नव्हती.

पोट मात्र काट्यांवर होतं. मार्केट यार्डाच्या कोपऱ्यात त्याचं दुरुस्तीचं दुकान. पण हल्ली जो तो पुण्याच्या एका कंपनीचे नवे काटे घेऊ लागला होता, आणि त्यांचे पार्ट कंपनी फक्त आपल्या नेमलेल्या माणसालाच देई. जुने काटे भंगारात चालले होते आणि गोरोबा दिवसभर माशा मारत बसला होता.

माशा मारून कंटाळला तेव्हा तो 'काटा परिवार' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. महाराष्ट्रभरचे दुरुस्तीवाले त्यात अडचणी टाकत. बाकीचे 'पाहून सांगतो' म्हणत आणि ना पाहत, ना सांगत. गोरोबाला वेळच वेळ. मुरुमच्या रणधीरनं एकदा विचारलं, रिकामा काटा दोनशे ग्रॅम दाखवतो, काय करू? गोरोबानं व्हिडिओ कॉल लावून तासभर त्याच्याकडून एकेक स्क्रू उघडवला. ताटाखाली पाल अडकून मेली होती. ती काढली, काटा शून्यावर आला. वर गोरोबानं ग्रुपवर लिहिलं:

"सर्वप्रथम, प्रश्न विचारून मला सेवेची संधी दिल्याबद्दल रणधीररावांचे आभार. मोबाईल एक तास धरून उभ्या राहिलेल्या त्यांच्या सौभाग्यवतींचे आभार. आणि जिच्यामुळं आपल्या सर्वांच्या ज्ञानात भर पडली, त्या दिवंगत पालीचेही मनःपूर्वक आभार."

ग्रुप खदाखदा हसला. पण दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी प्रश्न विचारले, आणि त्यांतल्या एकाचा काटा बरा होता. त्याला नुसतेच आभार हवे होते. बिचाऱ्याचे म्हणे जन्मात कुणी मानले नव्हते.

वर्षभर हे चाललं. रणधीर तर इतका शिकला की आख्ख्या उमरगा तालुक्यात नाव काढू लागला. गोरोबाची बायको हरणाबाई चिडायची. "समद्यांला फुकट शिकवा आन् वर त्येंचेच आभार माना. गाढव बी आपलं, वझं बी आपलंच!"

आणि मग पुण्याच्या त्या कंपनीनं ग्रुपवर जाहीर केलं, की धाराशिव जिल्ह्यासाठी एक मेकॅनिक नेमायचा आहे, मुलाखत मोबाईलवर होईल. अर्ज दोनच आले. एक गोरोबाचा, दुसरा रणधीरचा.

"घ्या!" हरणाबाई म्हणाली. "शिकवा अजून."

गोरोबाला वाईट वाटलं, नाही असं नाही. हे काम हुकलं तर दुकानाला कुलूपच लागणार होतं. तरी त्यानं रणधीरला 'शुभेच्छा' असा मेसेज टाकला, आणि अर्ज केल्याबद्दल आभारही मानले. हरणाबाईनं कपाळाला हात लावला.

मुलाखतीच्या दिवशी ती दुकानात येऊन बसली. "अणदूरच्या खंडोबाची आन हाय तुमाला. प्रश्नाचं उत्तर द्यायचं आन् गप बसायचं. आभार मानायचे न्हाईत."

"न्हाय मानत," गोरोबा म्हणाला.

पाच किलोच्या वजनाला मोबाईल टेकवला. पडद्यावर तिघं उगवले. मधे कृष्णराज नावाचे मोठे साहेब, हातात चहाचा कप. एका बाजूला शिवकांता हिरेमठ नावाची मॅडम, आणि तिसरा एक गप्प गृहस्थ. साहेबांनी दहा प्रश्न विचारले, गोरोबानं दहाही सोडवले. हरणाबाईचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेब म्हणाले, "छान. टेकाळे, शेवटी तुम्हाला काही बोलायचंय?"

शेवटी! सव्वीस वर्षांत हा शब्द ऐकून गोरोबा कधी गप्प बसला नव्हता. हरणाबाईनं चिमटा काढला. पण त्याच्या मनात विचार चमकून गेला होता: आभार 'मानायचे' नाहीत एवढंच ठरलंय. 'व्यक्त' करायचे नाहीत असं कुठं ठरलंय?

"मी आभार व्यक्त करतो," असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

त्यानं तिघांचे आभार व्यक्त केले. तिघांच्या आईवडिलांचे केले. पहिला तराजू हातात देणाऱ्या आपल्या वडिलांचे, मोबाईल पेलणाऱ्या पाच किलोच्या वजनाचे, अखंड रेंज देणाऱ्या टॉवरचे. मग सवयीनं त्याला वाटलं, गेले असतील. भीतभीत एक डोळा उघडला.

कुणी गेलं नव्हतं! तिघंही जागेवर होते. नुसते होते असं नाही, हलतसुद्धा नव्हते. साहेबांनी तर ओठाला लावलेला कप खाली ठेवला नव्हता. गोरोबाचा ऊर भरून आला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं दोन्ही डोळे उघडे ठेवून आभार व्यक्त केले. रणधीरचे केले. पालीचे केले. रिकाम्या मंडपातल्या बालाजीचे केले. सव्वीस वर्षं आभाराचा कार्यक्रम उरकून येईस्तोवर ताट झाकून ठेवणाऱ्या हरणाबाईचे केले, तेव्हा तिचं चिमटा काढणं थांबलं.

"नजरचुकीनं कुणाचं नाव राहिलं असंल, तर ते माझ्या काळजात हाय. आणि आभार मानून मला ऋणातून मोकळं व्हायचं न्हाय. ऋणातच राहायचंय." गोरोबानं हात जोडले. घड्याळात बावीस मिनिटं झाली होती.

पदरानं डोळे पुसत हरणाबाई मोबाईलपाशी वाकली. "अवो, बावीस मिंटं कोन कप व्हटाला लावून बसतंय का? रेंज गेलीया कवाच."

गोरोबानं पडद्यावर बोट टेकवलं. तिघं तसेच. मग पडदा काळा झाला.

"म्हंजी इथनं बी गेलेच," तो म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला. काम गेल्याचं दुःख त्याला नंतर आठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. शिवकांता मॅडम होत्या.

"काका, चित्र अडकलं होतं, पण तुमचा आवाज येत होता. आम्ही समदे बसून ऐकलं. मी मुरुमचीच हो, लग्नात आभार लागले की पहिल्यांदा मीच पळायची! आज न्हाय उठले."

हरणाबाईलाही ऐकू जावं म्हणून गोरोबानं फोन स्पीकरवर टाकून पुन्हा वजनाला टेकवला.

"आणि काम तुमचंच हाय. सकाळी रणधीरची मुलाखत झाली. दर उत्तराला 'हे टेकाळे काकांनी शिकवलं', आणि शेवटी चौदा मिनिटं तुमचेच आभार! साहेब म्हणाले, मग ह्यांच्या गुरूलाच घेऊ, आणि रणधीरला त्यांच्या हाताखाली. थांबा, साहेबांना बोलायचंय. मी स्पीकर लावते."

साहेबांनी घसा साफ केला. "तर आता मी, श्री. गोरोबा टेकाळे यांचे आभार मानतो. सर्वप्रथम..."

आणि गोरोबा उठला. आभार सुरू झाले की माणसानं उठायचं, हे त्यानं सव्वीस वर्षं पाहिलं होतं. त्याचा एक पाय आपोआप चपलेत गेला, दुसरा दुसरी शोधू लागला.

हरणाबाईनं सदरा धरून त्याला खाली ओढलं. "बसा की! तुमचेच मानत्यात."

गोरोबानं पायातली चप्पल काढली आणि मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसला.