दादाचं जनुक घातलेले किडे

प्रयोगशाळेत तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. साधे किडे वाढून अंडी घालायला लागले होते. शेजारच्या बशीतले, दादाचं जनुक घातलेले, अजून लहानचे लहानच.

हातांच्या थरथरीनं सुरू झालेल्या ज्या आजारानं वडील अंथरुणाला खिळून गेले, त्याचाच संशय असलेला जनुकातला एक बदल थोरल्या भावाच्या रक्ततपासणीत सापडला होता. तो घातक की निरुपद्रवी, हे डॉक्टरांना सांगता येईना. म्हणून प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमच्या संमतीनं तिनं तो किड्यांत घातला. त्यात वहिनीला दिवस गेलेले, आणि दादानं तिला या कशाचाच पत्ता लागू दिला नव्हता.

तिनं किड्यांचं खाद्य असलेले जिवाणू नव्यानं वाढवले. बशांत बुरशी धरलीय का पाहिलं. इन्क्युबेटरचं तापमान तपासलं, दोन्ही बशा एकाच फळीवर ठेवल्या. कुठेतरी आपलीच चूक निघू दे, असा धावा चाललेला. पण सगळं चोख निघत गेलं.

दादाचा फोन आला. "काय गं, तुझे किडे जेवतात ना?"

"जेवतात रे. अंगाला लागत नाही."

"माझ्यावरच गेलेत!" तो हसला.

शेवटी मॅडमनीच बशी पाहिली. "हे हिरवे का चमकतात?"

"ओळखू यावेत म्हणून चमकणारं जनुक सोबत घातलंय."

"मग नुसतं तेवढंच घातलेले किडे कुठायत?"

"ते केलेच नाहीत." भीतीपोटी तिला हे सुचलंच नव्हतं.

तसे किडे तयार होईपर्यंत तिला झोप अशी लागली नाही. चमचा हातात थरथरला तरी वडील आठवायचे, आणि स्वतःचं रक्त आपण का तपासलं नाही, हेही.

नवे किडेही खुरटेच निघाले. म्हणजे दोष चमकणाऱ्या जनुकाचा होता. ती स्टुलावर बसून रडली.

"दादा सुटला असं समजू नकोस," मॅडम हळूच म्हणाल्या. "दुसरी खूण घालून पुन्हा सुरुवात कर."

तिनं फोन करून दादाला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही.

"म्हणजे अजून कळलेलंच नाही."

"नाही."

"तुझ्या वहिनीला काय सांगू?"

"एवढंच सांगायचं. मी येते, मिळून सांगू."

"आजच ये," तो म्हणाला. "माझी एकट्याची छाती नाही होत."