मोरपीस आणि बाटलीतला फेस

रविवारी सकाळी आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, गढा वस्तीतल्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. प्रत्येकाच्या पिशवीत एक बाटली, बाटलीत सकाळची लघवी. शालिग्राम महाराज बाटली खळाखळा हलवत, वर दाट फेस येई. मग तीर्थाच्या वाटीत बुडवलेलं मोरपीस ते आत फिरवत आणि फेस बघता बघता बसे. "झाग गया, रोग गया. किडनी नई हो गई, अब डॉक्टर की छुट्टी." लोक हात जोडत. मीही जोडले.

मी अश्वजीत, निवृत्त विज्ञानशिक्षक. विहारात वीस वर्षं चमत्कारांविरुद्ध भाषणं दिली. पण माझ्या बायकोच्या, सुमनच्या, किडन्या निम्म्याहून जास्त निकामी झाल्यात असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझं सगळं विज्ञान गळून पडलं. मोरपिसाने तिचा फेस गेला तेव्हा मी रडलो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

महाराजांचा प्रसाद म्हणजे सुकी मासळी, 'मैया की मछली', रोज मूठभर. डॉक्टरीणबाईंनी सुमनला ताज्या मासळीचा लहान तुकडा आठवड्यातून दोनदा चालेल असं लिहून दिलं होतं, खारवलेली मासळी मात्र अजिबात नाही. मी तो कागद कपाटात टाकला. प्रसाद फार खारट लागतो, ती म्हणायची. औषध समजून खा, मी म्हणायचो.

तीन आठवड्यांत तिचे पाय चपलेत मावेनात. तपासणीचे आकडे चढले. डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं, तेव्हा मी खाली मान घालून सगळं सांगितलं. एवढं मीठ हिला झेपणार कसं, त्या म्हणाल्या. फेस लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांचा. तो मोडला तरी प्रथिनं जातच राहतात. घरी आलो तरी, मग पिसाने फेस जातो कसा, हेच माझ्या डोक्यात.

सुमनने वरणाची डाळ शिजत ठेवली होती. फेस उतू जायला आला तसा तिने तेलाचा थेंब टाकला. फेस बसला.

"असाच जाते," ती म्हणाली. "त्या बाटल्या मीच धुतो नं. दरवेळी तेलाचा तवंग राहते."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही मास्तर. तुम्हीच हात जोडून राहिले होते. मले वाटलं, तुम्हाले जास्त समजत असन."

पुढच्या रविवारी मी बाटली घेऊन रांगेत उभा राहिलो. महाराजांनी ती हलवली, पीस फिरवलं, फेस गेला. "झाग गया, रोग गया."

"महाराज, ये दाल का पानी है," मी म्हणालो. "इसको कौन-सा रोग था?"

 मी वाटीत बोट बुडवून सगळ्यांना दाखवलं, तेलच होतं. तेवढ्यात रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "मास्साब, हम तो आपको देखके आए थे."

सुमनची सूज उतरली आहे, आकडे अजून पुरते उतरलेले नाहीत. लोकहो, फेस का आला आणि का गेला, तेवढं तरी विचारा. मी विचारलं नाही, आणि तेच शिकवायचा पगार मी तीस वर्षं घेतला.