पिंजऱ्याचं दार

“अक्का, याना हातच दिसत नहीत वं!” सारिका काचेला नाक लावून म्हणाली.

सुनंदाबाईंनाही दिसत नव्हते. काचेच्या पिंजऱ्यात छताला टांगलेलं ते यंत्र बंद असलं की त्याचे तीन काळे, बारीक हात कोळ्याच्या पायांसारखे लोंबत. सुरू झालं की हात विरून जात आणि हवेत नुसती धुरकट झाक उरे. खालच्या सरकत्या पट्ट्यावरून येणारा बिस्किटांचा पुडा उचलला कधी, खोक्यात ठेवला कधी, काही कळत नसे. मिनिटाला दीडशे पुडे, असं बसवायला आलेल्या इंजिनिअरने सांगितलं होतं. धुळ्याच्या त्या कारखान्यात हेच काम आधी बारा बाया करत. आता सुनंदाबाई आणि सारिका, दोघीच उरल्या होत्या. दोघी देवपूरच्या, एकाच गल्लीतल्या. आडवे पडलेले पुडे काढायचे, भरलेली खोकी सरकवायची, एवढंच काम.

पिंजऱ्याचं दार उघडलं की यंत्र आपोआप थांबे. पण ते पुन्हा सुरू करायला वेळ जाई आणि माल मागे पडे. दिवाळीच्या तोंडावर सुपरवायझर नवलभाऊंनी दाराच्या कुलपापाशी एक चुंबक चिकटवलं. मग दार उघडं असलं तरी यंत्राला ते बंदच वाटू लागलं.

“भाऊ, हात लागला तर?” सुनंदाबाईंनी विचारलं.

“जपून काढायचं, बाई. वरून तगादा आहे.”

त्याच आठवड्यात यंत्राचा वेग आणखी वाढवला. एका दुपारी एक पुडा आडवा पडला, मागचे त्यावर चढू लागले. सारिकाने दार उघडून हात घातला. काय झालं ते शेजारी उभ्या सुनंदाबाईंनाही दिसलं नाही. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. सारिका ओरडली नाही. मनगटापासून भलतीकडे वळलेल्या आपल्या हाताकडे ती बघतच राहिली आणि मग खाली बसली.

धडकेने यंत्राचाही एक हात निखळला होता. सारिकाला रिक्षात घालून नेलं, तोवर मेकॅनिकने तो खटकन जागेवर बसवला.

“बाई, पट्टा पुसून घ्या,” नवलभाऊ म्हणाले. सुनंदाबाईंनी ओलं फडकं आणून रक्त पुसलं. चहाच्या आधी यंत्र सुरू झालं. दाराजवळचं चुंबक तेवढं नाहीसं झालं होतं.

चौकशीला सरकारी साहेब आले, त्या सकाळी नवलभाऊंनी सुनंदाबाईंना बाजूला घेतलं. “तिनं स्वतःच दार उघडलं, एवढंच सांगा. खोटं थोडंच आहे?”

सुनंदाबाईंची नवऱ्यामागे ही एकच कमाई. तरी साहेबांपुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या,

“दार तिनंच उघडलं, साहेब. पण ते उघडल्यावर यंत्र थांबायला पाहिजे होतं. नवलभाऊंनी तिथं चुंबक लावलं होतं.”

साहेबांनी मान वर केली. “पण सारिकाबाई तर म्हणतात, ‘दाराला काहीच नव्हतं. यंत्र थांबायच्या आत मीच घाईनं हात घातला. माझीच चूक.’”



दुसऱ्या दिवशी गेटवरच्या शिपायाने त्यांना आत सोडलं नाही. कामाला बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराने यादीतून त्यांचं नाव कमी केलं होतं. त्या तशाच डबा घेऊन परतल्या आणि घरी न जाता सारिकाकडे गेल्या.

सारिका भिंतीला टेकून बसली होती. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाहेर डोकावणारी बोटं सुजून काळीनिळी झालेली. यातली दोन आता वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. सुनंदाबाईंच्या हातातला भरलेला डबा बघून ती काय ते समजली.

“अक्का, कंपनीवाला समाधानले जळगावना गोडाऊनमा कायम कामले लावतस म्हने,” नवऱ्याचं नाव घेऊन ती खालच्या आवाजात म्हणाली. “मना हात ते गयाच ना. मी काय करू?”

सुनंदाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. अपघाताच्या दिवसापासून सारिकाच्या केसांना कुणी हात लावलेला दिसत नव्हता. मानेवर नुसता गुंता झाला होता.

डबा खाली ठेवून त्या आत आल्या.

“सरक. फनी कोठे शे?”

सारिकाने डाव्या हाताने कोनाडा दाखवला. सुनंदाबाई तिच्या मागे बसल्या आणि केसांच्या टोकाकडून एकेक गाठ बोटांनी सोडवू लागल्या.

“दुखस का?”

“नही,” सारिका म्हणाली. तिची पाठ हलत होती. सुनंदाबाईंनी पुढची गाठ हातात घेतली.