बोटांवरची शाई

मी फाटक्या तोंडाची आहे, हे पनवेलच्या खाडीकाठच्या आमच्या वाडीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. तिथं एका लहानशा संस्थेची प्राथमिक शाळा होती. दोन खोल्या आणि शिक्षिका मी एकटी. पटावर वीस मुलं असली तर अनुदान, नसली तर शाळा बंद. बंद झाली तरी माझा पगार बुडणार नव्हता, दुसऱ्या शाळेत पाठवलं असतं. पण लग्न झालं नाही, भावंडं विचारत नाहीत. ‘बाई आल्या, बाई आल्या’ म्हणत कुणी धावत यावं, अशी जगात मला ती एकच जागा होती. ती जाऊ नये, एवढंच हवं होतं.

गुणाबाई मासळीबाजारात बसायची. तिनं कुंदन आणि रोशनी या नातवंडांना रुळापलीकडच्या मोठ्या सेमी-इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा मी तिला भर रस्त्यात झाडलं. “तुझा मुलगा इथंच शिकला ना? आता शाळा बुडाली तर तुझ्यामुळे!”

 ती टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली.

२०११च्या ऑक्टोबरात पटपडताळणी आली. खोटी मुलं दाखवून अनुदान लाटणाऱ्या शाळा शोधायला राज्यभर एकदम मोजणी सुरू झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या बोटाला शाई, मतदानाला लावतात तशी. माझी मुलं अठरा होती. मी अठराच दाखवली.

तपासायला आलेले विनायकराव जरा हसले. “बाई, कमी पट असूनही खरा सांगणारी शाळा आज पहिल्यांदा बघतोय. एवढीशी पोरं रूळ ओलांडून कुठं जाणार? शाळा चालू ठेवावी, अशी शिफारस करतो.” ते लिहायलाही लागले. मला रडूच आलं.

तेवढ्यात गुणाबाई दारात उभी. दोन्ही हातांना कुंदन आणि रोशनी, केसांना तेल, अंगात घरचे कपडे.

“सायेब, ही दोन मोजायची ऱ्हायली.”

दोघांच्या बोटांवर रुळापलीकडच्या शाळेत सकाळीच लागलेली शाई होती. मी थिजले. गुणाबाई माझ्या कानाशी आली.

“बाजारात एकादीची टोपली रिकामी असली का आमी सगल्या आपापल्यातला थोरा थोरा मावरा तिच्यात टाकतो. रिकाम्या टोपलीपुढं गिऱ्हाईक थांबत नाय. ही आमची रीत हाय. मंग तुमची रिकामी कशी ठेवू?”

विनायकराव मुलांची बोटं बघत होते. “बरं आजी, झालं काम. जा तुम्ही,” एवढंच ते म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी शिफारशीच्या लिहून झालेल्या दोन ओळींवर काट मारली.

“बाई, हे करायला नको होतं.”

“मी नाही हो बोलावलं! तिची ती आली.”

“सकाळपासून सगळे हेच सांगतायत.”

खिडकीतून गुणाबाई दिसत होती. बांधावर भेटेल त्याला थांबवून हात नाचवत सांगत होती, चेहरा नुसता फुलला होता. हाक मारली असती तर आली असती, खरं काय ते सांगितलंही असतं. पण मग आपण काय करून बसलो, हेही तिला कळलं असतं. हाक गळ्यापर्यंत आली होती. मी ती मारली नाही.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं आणि मला तळोज्याला पाठवलं. मोठी शाळा, कारखान्यांतल्या कामगारांची मुलं. वर्गात गेले की सगळी एका सुरात उभी राहतात आणि बसतात. माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी नाही.

दिवाळीनंतर एकदा पनवेलच्या बाजारात गेले. गुणाबाईनं मान वर केली.

“आमी टोपली भरून दिली, तरी तुमी गेलातच. मोठ्या शालेची हाव सुटली न, बाई?”

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं.

“हो,” म्हणाले.

तिनं मासळीवर ओलं गोणपाट ओढलं आणि तोंड फिरवलं.

तेव्हापासून मासे तळोज्यालाच घेते. तिथं मला कुणी ओळखत नाही.