माशातलं अक्षर

मोहिनीनं घाई केली, हे आधीच सांगितलेलं बरं. हुशार माणसं चुकतात ती अशीच.

तिच्या थोरल्या बहिणीचा, बबिताचा, पोरगा माऊली चालता चालता गुडघ्यातून कोसळायचा. रक्ताचा रिपोर्ट आला. एका प्रोटीनच्या अक्षरांच्या माळेत एक अक्षर बदललंय, पण त्यानं काय बिघडेल ते सांगता येत नाही. झालं! डॉक्टरांनीच हात वर केल्यावर पाली गावच्या मेंढपाळाच्या लेकीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? धाकट्या बहिणीच्या. मोहिनी पुण्यात हेच शिकत होती.

सुट्टीत ती ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली. वडील आप्पाराव शेजारी टेकले. त्यांना तिनं सांगितलं, की हेच प्रोटीन मेंढीत असतं, कोंबडीत असतं, माशातही असतं. एका मुळाची भावकीच ती. सगळ्यांची अक्षरं एकाखाली एक मांडून बघायची. आप्पारावांना त्याचं नवल वाटलं नाही. मेंढा घेताना तेही आधी त्याची आई बघत, आईच्या बहिणी बघत.

माऊलीच्या त्या जागेवर सगळ्यांत एकच अक्षर होतं, माऊलीचं मात्र वेगळं. जे अक्षर कुठंच बदललेलं नसतं, ते बदललं की बहुतेक बिघाडच होतो; शेकडो प्राणी झाले तसा मोहिनीचा धीर सुटत चालला. आणि एका माशात नेमकं माऊलीचंच अक्षर सापडलं! तो मासा तर ठणठणीत जगतोय. पोरीला कुठला दम निघतोय, धावत जाऊन बहिणीला सांगितलं. बबितानं दुसऱ्याच दिवशी बिरोबाला नवसाचं बकरं कापलं, भावकी जेवून गेली. वर्षभर रडलेली बाई चार दिवस हसत होती.

पाचव्या दिवशी मोहिनी प्रोटीनची घडी मांडायला बसली. लांब दोरा गुंडाळावा तसं ते दुमडतं. जी दोन अक्षरं भावकीत जोडीनंच बदलत आलेली असतात, ती बहुतेक घडीत एकमेकांना टेकलेली निघतात, आणि त्यावरूनच घडी ओळखतात. माशात माऊलीचं अक्षर होतं खरं, पण त्याला टेकलेलं अक्षरही बदललेलं होतं. माऊलीचं एकच बदललं होतं. त्याची घडी बसणार नव्हती. हे आधी बघायचं असतं, आणि तिनं बघितलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं ते वडिलांना सांगितलं.

"एक बैल उंच आणला की दुसराबी तसाच लागतोय," ते म्हणाले. "न्हाईतर जू तिरपं होतंय."

"तसंच हाय, आप्पा."

माऊलीला कडेवर घेऊन बबिता दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मग ह्याचा दुसराबी बदलंल की," ती म्हणाली. "माशाचा बदलला न्हवं? किती दिस लागत्यात?"

मोहिनीला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलून झालंच होतं, नकळत का होईना.

"लाखो वर्सं, आक्का."

बबितानं मान हलवली आणि पोराचं तोंड पदरानं पुसलं. माऊलीला नुकतंच चौथं लागलं होतं.