फणसवाडीच्या सहाणेचा हिवाळा

मित्रांनो, फणसवाडीतील एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, देवघरात समईच्या शेजारी माझे आसन आहे. मी सहाण. वयाने इतकी जुनी, की चंदनाच्या खोडांनी झिजून माझ्या मध्यभागी वाटीसारखा खळगा पडला आहे. नम्रता हा माझा गुण नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवते. जिच्यावर देवाचे गंध उगाळले जाते, तिने प्लास्टिकच्या बाटल्यांपुढे नम्र का व्हावे?

कोकणातील एका पाथरवटाने मला घडवले. त्याने छिन्नीने मला गोल केले, कडेला गंध ओघळण्यासाठी पन्हळ काढली आणि माझी पाठही तासून सपाट केली. त्यामुळे मला दोन मुखे लाभली. वरचे मुख देवाचे. त्यावर केवळ पूजेचे चंदन. खालचे मुख माणसांचे; त्यावर हळकुंड, वेखंड, वाळा, बदाम. एकीकडचा पदार्थ दुसरीकडे जायचा नाही, ही या घराची शिस्त.

दुसरी शिस्त ऋतूंची. ग्रीष्मात मुलांच्या अंगाला वाळ्याचा थंड लेप, पावसाळ्यात हळद आणि कडुनिंबाची साल, शरदात अनंतमूळ, हेमंतात सायीत उगाळलेला बदाम आणि तिळाचे तेल. पंचांगात ऋतू पालटला की माझ्यावरचा लेप पालटे. या घरातील तीन पिढ्यांच्या त्वचेने माझे उपकार घेतले आहेत. शेजारच्या बिऱ्हाडांतील नववधूही माझ्यापाशी येत, आणि जाताना माझ्या कडेला बोट लावून नमस्कार करीत. तो नमस्कार मी माझा हक्क म्हणून स्वीकारला.

मग बाटल्या आल्या.

त्या आणल्या आरोहीने. या घरचे सध्याचे कर्ते गंगाधर, विमा कचेरीतून निवृत्त झालेले अविवाहित गृहस्थ. आरोही ही त्यांची पुतणी. तिचे आईवडील रत्नागिरीला असतात. ती नोकरीसाठी मुंबईत काकांकडे आली. परळच्या एका मॉलमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर ती उभी राहते. सहा महिने उमेदवारी, नंतर कायम होणार की नाही ते कंपनी ठरवणार. कायम झाली तरच मुंबईत राहायचे, नाहीतर रत्नागिरीला परतायचे, असा तिच्या वडिलांशी करार होता. आणि तिला परतायचे नव्हते.

तिच्या बाटल्या देवघरासमोरच्या फळीवर ओळीने उभ्या राहिल्या. कोणी स्वतःला सीरम म्हणवी, कोणी टोनर. एकीच्या पोटात चमचाभर पाणी आणि अंगावर पानभर स्तुती. एकीला तर झाकणावर झाकण होते, जणू आत अमृत आहे. मी दगड असूनही मला हसू आले. ज्यांना उगाळावे लागत नाही, झिजावे लागत नाही, त्यांना गुण कोठून येणार?

नोव्हेंबर लागला तसा कंपनीने एक नवा डबा पाठवला. त्यावर बर्फाच्छादित पर्वत होते. ‘हिवाळी श्रेणी’ असे त्याचे नाव. काउंटरवरच्या प्रत्येक मुलीने तेच घट्ट मलम तोंडाला लावून उभे राहायचे, असा हुकूम आला. बाहेर फणसवाडीत माणसे घामाने निथळत होती. दांडीवरचे कपडे दमटपणाने वाळत नव्हते. आणि आरोही रोज सकाळी पर्वताचे झाकण उघडून तोंडावर लोण्यासारखा थर चढवी. तीन आठवड्यांत तिच्या कपाळावर, मग गालांवर पुळ्या उठल्या.

“काका, पुढच्या बुधवारी हेड ऑफिसच्या मॅडम येणार आहेत,” ती एका मंगळवारी संध्याकाळी रडवेली होऊन म्हणाली. “माझं कन्फर्मेशन त्यांच्याच हातात. असा चेहरा घेऊन मी क्रीम विकणार? लोक हसतील मला.”

गंगाधरांच्या मुद्रेवर विजय झळकला. माझ्याही, जर मला मुद्रा असती तर.

“मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, ती बाटल्यांची पलटण बाहेर काढ म्हणून. पण काका म्हणजे काय, जुना माणूस.” त्यांनी चष्मा लावून पंचांग उघडले. “हे बघ. मार्गशीर्ष लागला. हेमंत ऋतू. हेमंतात काय लावायचं ते आपल्या घरात ठरलेलं आहे.”

“पण काका, उकडतंय किती!”

“पंचांगापेक्षा तुला जास्त कळतं?”

त्यांनी मला आसनावरून उचलले, उलटे केले, धुतले. कित्येक वर्षांनी माझ्या माणसांच्या मुखावर बदाम फिरू लागला. साय आली, तिळाचे तेल आले. समोर उभ्या असलेल्या बाटल्यांकडे मी जो तुच्छतेचा कटाक्ष टाकला, तो त्या जन्मात विसरणार नाहीत असे मला वाटले. लेप आरोहीच्या तोंडावर बोटभर जाड बसला. गंगाधरांनी तो घटकाभर राहू दिला, मग धुवायला लावला, आणि वर पुन्हा तेलाचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशासमोरून हललीच नाही. पुळ्यांच्या जागी लाल चट्टे उठले होते.

त्याच वेळी दारात शेवंतीची हाक आली. शेवंती शीव कोळीवाड्याची. वीस वर्षे ती या दारी मासळी घेऊन येते; गंगाधर पूजा आटोपली की सुरमईचे भाव करण्यात कसूर करत नाहीत.

“काकानूं, बोंबील देऊ काय? ताजं हाय.” टोपली टेकवताना तिचे लक्ष आत गेले. “अगो बाय माझे! तोंडाला काय केलंस?”

“काकांनी लेप लावला,” आरोही नाक ओढत म्हणाली.

“हेमंतातला लेप आहे,” गंगाधर म्हणाले. “शास्त्रोक्त.”

“कसला हेमंत?” शेवंतीने त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिले. “पंख्याखाली बसून बनियन भिजलंय तुमचं. माझ्या टोपलीतला बरफ वाटेतच अर्धा गेला. आन् तुम्ही पोरीला थंडीचं तेल चोपडताव?”

“मार्गशीर्ष आहे, बाई.”

“तो कागदावर असंल. हितं ये गो, हात दे.” तिने हात धुतले, पदराला पुसले आणि आरोहीच्या मनगटावर नखाने हलकेच रेघ ओढली. सगळे वाकून पाहू लागले. रेघ उठली नाही. त्वचा घामाने नुसती चमकली.

“दिसली काय पांढरी रेघ? नाय ना? थंडी आली का रेघ उठते, ओठ चाटावासा वाटतो. आमच्यात मग तेलाची बाटली काढतात. तवर नाय. आता काय बी नको लावू. साधं पानी मार, घाम टिपत र्‍हा, आन् आठ दिवस त्याला हात लावू नको.”

“काहीच नाही?” गंगाधर चकित झाले.

“कायच नाय. भाजी करताव तर मीठ चाखून घालताव ना? का पंचांग बघून?”

मित्रांनो, त्या क्षणी मला प्रथमच माझ्या दगडपणाची लाज वाटली. मी पर्वताच्या डब्याला हसले होते. तो डबा कुठल्या तरी परदेशी हिवाळ्यावर विसंबला, मी छापील महिन्यावर विसंबले. दोघांनीही त्या मुलीच्या गालाला विचारले नाही. माझ्यावर ज्यांनी पूर्वी लेप उगाळले, त्या स्त्रिया पंचांग पाहत असतीलही. पण त्या आधी मुलांच्या पाठीवरून हात फिरवीत. तो हात मला दिसला होता. मी तो जमेस धरला नाही, कारण तो माझा नव्हता. बाटल्यांचा तिरस्कार मी अजूनही करते. मात्र तिरस्काराच्या त्या रांगेत आता माझ्यासाठीही एक जागा राखून ठेवली आहे.

आठ दिवस आरोहीने तोंडाला काही लावले नाही. काउंटरवर ‘डॉक्टरांनी मना केलंय’ असे खोटे सांगितले. चट्टे फिके झाले, पुळ्या बसत आल्या, पण पुरत्या गेल्या नाहीत. तशाच चेहऱ्याने ती मॅडम येणार होत्या त्या बुधवारी गेली. संध्याकाळी परतली ती थेट देवघरापाशी बसली. फोन वाजला. कपाळाला हात लावून तिने तो जमिनीवर ठेवूनच स्पीकरवर घेतला, म्हणून सर्वांना ऐकू आला. पलीकडे तिचे साहेब, हितेंद्र.

“आरोही, तू वेडी आहेस का? मॅडम मागे उभ्या, आणि तू कस्टमरला सांगतेस, हे आत्ता घेऊ नका?”

“सर, त्या कस्टमरच्या मनगटावर मी नखाने रेघ काढून बघितली. उठली नाही. त्या बाहेरून आल्या होत्या, घाम येत होता.”

“कस्टमर क्रीम मागतेय! आपल्याला क्रीम विकायचंय! त्यात घाम कुठून आला?”

“कपाळावरून, सर.”

गंगाधरांनी हसू आवरायला तोंडावर हात दाबून धरला होता.

“कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललंय. मी हातापाया पडलो म्हणून तुला काढलं नाही. उद्यापासून नेलपॉलिशला बस. नखांना ऋतू नसतो, तिथे तुझं डोकं चालणार नाही.”

“थँक्यू सर.”

फोन बंद झाला. आरोही म्हणाली, “काका, तीन महिने. मी बाबांना काय सांगू?”

“मी सांगतो त्याला,” गंगाधर म्हणाले. “खरं बोलल्यामुळे तीन महिने लागले म्हणून सांगतो. त्याला पटलं नाही तर इथे येऊन भांडू दे. तू जायची नाहीस.” मग संकोचत त्यांनी हात पुढे केला आणि पुतणीच्या गालाला बोटे टेकवली. या घरात इतकी वर्षे मी त्यांना पाहते आहे. त्यांनी कोणाला असे कधी विचारले नव्हते. “आता कसं लागतंय गं? ओढल्यासारखं? की जड?”

“नाही काका. बरं वाटतंय.”

“मग काही नको ना?”

“नको.”

त्यांनी मला उचलले, कोरड्या फडक्याने पुसले आणि देवाचे मुख वर करून जागेवर ठेवले. त्या दिवशी माझ्यावर माणसांसाठी काहीही उगाळले गेले नाही. मित्रांनो, माझ्या दीर्घ आयुष्यात माझी इतकी योग्य योजना कोणीच केली नव्हती. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वृद्धा असेल, तर तिचा मान अवश्य राखा, तिला स्वच्छ ठेवा. पण तिचा शब्द मानण्यापूर्वी ज्याला लेप लावायचा, त्याला आधी विचारा.